डिस्क गोल्फ आणि मनःशांती: तबकडी फेकता फेकता समतोल कसा साधावा?

अमेरिकेत, कॅनडात किंवा फिनलंडमध्ये राहत असाल, तर जवळच्या पार्कमध्ये फिरताना तुम्ही एक लोखंडी खांब नक्की पाहिला असेल. त्याला वरून साखळ्या लोंबत असतात आणि खाली जाळीची टोपली असते. बऱ्याच जणांना तो पक्ष्यांना दाणे घालण्याचा स्टँड वाटतो. प्रत्यक्षात ती डिस्क गोल्फची टोपली असते. हा खेळ नियमित खेळणारी अनेक माणसे सांगतात की त्यांना यातून व्यायामाबरोबर एक वेगळीच शांतता मिळते. काही जण तर याला आपली साधना म्हणतात.

हे कितपत खरे आहे? चालत जाऊन प्लास्टिकची तबकडी फेकल्याने मन कसे शांत होईल? आणि चिंता, चिडचिड किंवा एकटेपणा सोसणाऱ्या माणसाने यावर किती विसंबावे? या लेखात आपण हे समजून घेऊ.

डिस्क गोल्फ म्हणजे काय?

नियम गोल्फसारखेच आहेत. फक्त चेंडू आणि काठीऐवजी फ्रिस्बीसारखी तबकडी असते आणि जमिनीतल्या भोकाऐवजी साखळ्यांची टोपली. ठरलेल्या जागेवरून तबकडी फेकायची, ती जिथे पडेल तिथे चालत जायचे आणि तिथून पुन्हा फेकायची. कमीत कमी फेकींत टोपली गाठणारा जिंकतो. एका कोर्समध्ये साधारणपणे 9 किंवा 18 टोपल्या असतात.

या खेळाला आजचे रूप दिले एड हेडरिक यांनी. फ्रिस्बी बनवणाऱ्या व्हॅम-ओ कंपनीत ते काम करत आणि तबकडीच्या सुधारित रचनेचे पेटंटही त्यांच्या नावावर होते. 1975 मध्ये कॅलिफोर्नियातील ओक ग्रोव्ह पार्कमध्ये पहिला कायमस्वरूपी कोर्स तयार झाला. 1976 मध्ये हेडरिक यांनी प्रोफेशनल डिस्क गोल्फ असोसिएशन सुरू केली आणि साखळ्यांच्या टोपलीची कल्पनाही त्यांचीच. 2002 मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या इच्छेनुसार त्यांची रक्षा काही तबकड्यांच्या प्लास्टिकमध्ये मिसळण्यात आली. या खेळाशी माणसांचे नाते किती जिव्हाळ्याचे असू शकते, हे यावरून कळते.

आज जगभरात दहा हजारांहून अधिक कोर्स आहेत आणि त्यांतले बहुसंख्य अमेरिकेत आहेत. बरेचसे सार्वजनिक उद्यानांत असल्यामुळे तिथे खेळायला पैसे लागत नाहीत. एक तबकडी साधारण 10 ते 20 डॉलरला मिळते आणि सुरुवातीला एक-दोन तबकड्या पुरतात. क्लबचे सदस्यत्व किंवा ठरावीक गणवेशही लागत नाही.

'आध्यात्मिक समतोल' म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत काय?

अध्यात्म रक्त तपासून मोजता येत नाही. तसा दावा कोणी करत असेल, तर सावध राहा. पण आपल्या परंपरेत ज्याला समत्व म्हणतात, म्हणजे यश-अपयशात मनाचा तोल न जाणे, त्याचे काही पैलू शरीरात दिसतात. श्वासाची गती, हृदयाचे ठोके, स्नायूंचा ताण, लक्ष किती वेळ टिकते आणि नकोशा विचारातून मन किती लवकर बाहेर येते, या गोष्टींचा अभ्यास करता येतो. डिस्क गोल्फमध्ये यांतल्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीचा सराव होतो.

शरीर आणि मनावर परिणाम कसा होतो?

*1. फेकणे थोडे, चालणे खूप*

18 टोपल्यांची फेरी पूर्ण करायला दीड ते अडीच तास लागतात. नवशिक्या माणसाच्या त्यात साधारण 70 ते 90 फेकी होतात. एका फेकीला पाच-सात सेकंद धरले, तरी प्रत्यक्ष फेकण्यात दहा मिनिटांच्या आसपासच वेळ जातो. बाकी सगळा वेळ चालण्याचा आणि आपली पाळी येईपर्यंत थांबण्याचा असतो.

याचा पहिला फायदा सरळ आहे. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम व्यायामाचा सल्ला दिला आहे. चढ-उतार असलेल्या कोर्सवर भरभर चालत खेळलेल्या दोन फेऱ्यांत त्याचा मोठा हिस्सा पूर्ण होऊ शकतो. भारतीय वंशाच्या लोकांमध्ये हृदयविकाराचा आणि टाइप 2 मधुमेहाचा धोका तुलनेने जास्त असतो, म्हणून आपल्यासाठी हे विशेष महत्त्वाचे आहे.

दुसरा फायदा मनाचा. चालणे लयबद्ध असते. वारीत चालणाऱ्या माणसाला किंवा नामस्मरण करत फेऱ्या मारणाऱ्या आजीला हे वेगळे सांगावे लागत नाही. पावलांची लय लागली की श्वासाची लय लागते आणि मनाचा वेगही उतरतो.

*2. झाडांमधला वेळ*

बहुतेक कोर्स झाडी, उतार, ओढे यांच्यामधून जातात. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातील एका अभ्यासात काही निरोगी व्यक्तींना 90 मिनिटे निसर्गात आणि काहींना वाहत्या रस्त्याच्या कडेने चालायला पाठवले. निसर्गात चाललेल्या गटात त्याच त्या नकारात्मक गोष्टींचा रवंथ कमी झाल्याचे आढळले आणि त्याच्याशी संबंधित मेंदूच्या भागातली हालचालही मंदावली. अभ्यास लहान होता, पण दिशा स्पष्ट होती.

2019 मध्ये इंग्लंडमधील सुमारे 20 हजार लोकांच्या माहितीवर आधारित अभ्यासात, आठवड्याला किमान 120 मिनिटे निसर्गात घालवणाऱ्यांनी आपली प्रकृती आणि समाधान अधिक चांगले असल्याचे सांगितले. निसर्गामुळेच तब्येत सुधारली, असे यातून सिद्ध होत नाही. ज्यांची तब्येत बरी, तेच जास्त बाहेर पडत असतील, हीही शक्यता असते. तरीही आठवड्यातून दोन तास झाडांमध्ये घालवणे हा कमी खर्चाचा आणि कमी जोखमीचा उपाय आहे.

*3. स्थिर नजर*

कॅनडातील संशोधक जोन व्हिकर्स यांनी गोल्फपटूंच्या नजरेचा अभ्यास केला. कुशल खेळाडू फटका मारण्याआधी एकाच बिंदूवर नजर अधिक वेळ स्थिर ठेवतात, असे त्यांना दिसले. डिस्क गोल्फमध्येही अनुभवी खेळाडू साखळ्यांमधली एखादीच कडी निवडतात आणि फेक पूर्ण होईपर्यंत नजर तिथून हलवत नाहीत. हे आपल्याकडच्या त्राटकाशी मिळतेजुळते आहे. एका बिंदूवर लक्ष एकवटले की 'फेक चुकली तर?' या विचाराला जागा उरत नाही.

*4. संथ श्वास*

श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, कारण त्या वेळी व्हेगस नावाच्या मज्जातंतूचा प्रभाव वाढतो. म्हणून लांब उच्छ्वास हा शरीराला 'धोका टळला' असे सांगण्याचा सोपा मार्ग आहे. 2001 मध्ये इटलीतील संशोधकांनी जपमाळेवरची ख्रिस्ती प्रार्थना आणि 'ॐ मणि पद्मे हूं' हा मंत्र यांचा श्वासावर होणारा परिणाम तपासला. दोन्हींत श्वासाची गती मिनिटाला सुमारे सहावर आली आणि रक्तदाब सांभाळणाऱ्या प्रतिक्षिप्त क्रियेत सुधारणा दिसली. धर्म वेगळे, भाषा वेगळ्या, पण शरीराचे उत्तर सारखेच होते. प्रत्येक फेकीपूर्वी घेतलेला एक संथ श्वास हा त्याच वाटेवरचा छोटा सराव आहे.

*5. तोल सांभाळण्याचा नियम*

या खेळात एक सुंदर नियम आहे. टोपलीपासून 10 मीटरच्या आत असताना तबकडी सुटल्यावर लगेच पुढे जाता येत नाही. आधी आपल्या जागी पूर्ण तोल सावरल्याचे दाखवावे लागते आणि मगच पाऊल पुढे टाकता येते.

वैद्यकीयदृष्ट्या हा चांगला व्यायाम आहे. तोल सांभाळताना आतील कान, डोळे, पायांचे सांधे आणि लहान मेंदू एकत्र काम करतात. वयानुसार ही यंत्रणा मंद होते आणि पडण्याचा धोका वाढतो, पण सरावाने ती सुधारता येते. मनासाठीही हा नियम उपयोगी आहे. कृती झाली, आता निकाल काहीही लागो, आधी स्वतः स्थिर व्हायचे. घरात किंवा ऑफिसात चिडून उत्तर दिल्यावर आपण नेमके हेच विसरतो.

एक फेरी साधनेसारखी कशी खेळावी?

1. फोन सायलेंट करून पिशवीत ठेवा. तातडीच्या कामासाठी घरच्यांचे फोन तेवढे चालू ठेवा. ऑफिसचे मेसेज टोपल्यांच्या मध्ये वाचत राहिलात, तर वर सांगितलेले बहुतेक फायदे हातून जातात.
2. उभे राहिल्यावर पाय जाणवू द्या. वजन दोन्ही पायांवर सारखे आहे का, खांदे वर चढलेत का, जबडा आवळलाय का, हे पाहा आणि सैल सोडा.
3. एक श्वास घ्या. नाकाने सावकाश आत, त्याहून सावकाश बाहेर. श्वास रोखून फेकू नका. तसे केल्याने स्नायू आखडतात आणि रक्तदाबही क्षणभर चढतो.
4. एक बिंदू निवडा. झाडाची फांदी किंवा साखळीची कडी. नजर तिथेच ठेवा आणि फेका. नियमानुसार फेकीसाठी 30 सेकंद असतात, त्यामुळे घाई नको आणि अति विचारही नको.
5. निकालाला एकच शब्द द्या. 'उजवीकडे', 'लांब', 'झाडावर'. 'मला काही जमतच नाही' हे वर्णन नव्हे, तो स्वतःवर दिलेला निवाडा आहे.
6. पुढची दहा पावले फक्त पावलांवर लक्ष द्या. त्यानंतर आजूबाजूला पाहा, सोबत्याशी बोला.
7. सोबती फेकताना शांत उभे राहा. टोपलीपासून जो सर्वात दूर असेल, तो आधी फेकतो आणि बाकीचे मागे थांबतात. दुसऱ्याची पाळी मनापासून पाहणे हाही संयमाचाच अभ्यास आहे.

सुरुवातीचे चार-सहा आठवडे गुण मोजू नका. तंत्र येण्याआधी आकडे आले की खेळ परीक्षा होऊन बसतो.

खरी कसोटी: चुकलेली फेक

तबकडी झाडाला थडकून उलटीकडे जाणार, तळ्यात पडणार, टोपलीच्या साखळ्यांना लागूनही बाहेर उडणार. हे प्रत्येक फेरीत होते आणि कसलेल्या खेळाडूंच्या बाबतीतही होते. म्हणजेच दोन तासांत लहान-मोठ्या अपेक्षाभंगाचे वीस-पंचवीस प्रसंग येतात आणि त्यांतून कोणाचेही नुकसान होत नाही. रागाचा उद्रेक ओळखायला आणि तो ओसरू द्यायला यापेक्षा सुरक्षित जागा मिळणे अवघड.

राग आल्यावर शरीरात ॲड्रेनालिन वाढते, ठोके वाढतात, मुठी आवळल्या जातात. तुम्ही त्यात नवीन विचारांचे इंधन घातले नाही, तर ही लाट हळूहळू ओसरते. पुढच्या फेकीपर्यंतचे चालणे नेमका तेवढा वेळ देते. तबकडी हातातून सुटली की ती आपल्या ताब्यात नसते. वारा, फांदी, उतार यांवर आपला अधिकार नाही. फळाची आसक्ती सोडून कर्म करावे, हे आपण लहानपणापासून ऐकतो. इथे ते हाताला आणि पायाला शिकवले जाते.

मात्र उलटही घडू शकते. दर फेरीनंतर तुम्ही अधिक चिडचिडे होत असाल, आकड्यांवरून झोप उडत असेल किंवा घरातले प्रश्न टाळण्यासाठी रोज तासन्‌तास कोर्सवर जात असाल, तर खेळ शांती देत नसून पळवाट झाला आहे. तेव्हा थोडे थांबा आणि घरच्यांशी बोला.

कोणाला विशेष उपयोग होऊ शकतो?

- दिवसभर स्क्रीनसमोर काम करणाऱ्यांना. नोकरीची अनिश्चितता, व्हिसाची टांगती तलवार आणि रात्री उशिरापर्यंत भारतातल्या टीमबरोबरचे कॉल यांत मन सतत सावध अवस्थेत राहते. त्याला बाहेर काढायला ठरलेल्या वेळेचा मैदानी खेळ मदत करतो.
- मुलांकडे परदेशी आलेल्या आई-बाबांना. मुले-सुना-जावई कामावर, नातवंडे शाळेत आणि गाडी चालवता येत नाही. अशा वेळी दिवस खायला उठतो. घराजवळ कोर्स असेल, तर 9 टोपल्यांची सावकाश फेरी हा व्यायामही होतो आणि चार माणसांशी ओळखही. भाषा फारशी यावी लागत नाही. हसून 'नाइस थ्रो' म्हटले तरी पुरते.
- हिवाळ्यात उदास वाटणाऱ्यांना. उत्तरेकडील देशांत सूर्यप्रकाश कमी झाल्यावर काही जणांना ऋतुजन्य नैराश्य येते. दिवसाउजेडी बाहेर पडणे हा त्यावरील उपायांपैकी एक आहे. फिनलंडमध्ये लोक बर्फातही हा खेळ खेळतात आणि तबकडी बर्फात हरवू नये म्हणून तिला रिबन चिकटवतात. मात्र निसरड्या जागी बूट पकड देणारेच हवेत.
- किशोरवयीन मुलांना आणि पालकांना. समोरासमोर बसून 'बोल, काय झालंय' म्हटले की मुले गप्प होतात. शेजारी चालताना तीच मुले आपणहून बोलतात.

ही काळजी घ्या

सांधे आणि स्नायू: या खेळात कोपर, खांदा आणि पाठ यांच्या तक्रारी जास्त दिसतात. सुरुवातीला 5 ते 10 मिनिटे चाला, खांदे आणि कंबर हलकेच फिरवा आणि पहिल्या काही फेकी निम्म्या ताकदीने करा. लांब फेकण्याच्या हट्टापायी हात झटकू नका. ताकद पाय आणि कमरेतून आली पाहिजे.

हृदयविकार, रक्तदाब, मधुमेह: आधी डॉक्टरांशी बोला. इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या काही गोळ्या घेत असाल, तर दोन तासांच्या चालण्यात साखर उतरू शकते. ग्लुकोज किंवा साखरेच्या गोळ्या खिशात ठेवा. पाणी आणि टोपी विसरू नका.

गोचीड आणि विषारी वेल: अमेरिकेच्या ईशान्य आणि उत्तर-मध्य भागात गोचिडीमुळे लाइम नावाचा आजार होतो. तबकडी शोधायला गवतात शिरताना लांब पँट घाला आणि कीटकरोधक लावा. घरी आल्यावर दोन तासांच्या आत आंघोळ करा आणि काखा, गुडघ्यांच्या मागे, केसांत तपासा. गोचीड दिसल्यास चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढून काढा. पुढच्या 3 ते 30 दिवसांत पसरत जाणारा लाल चट्टा किंवा ताप आल्यास डॉक्टरांना दाखवा. तीन-तीन पानांची पॉयझन आयव्ही ही वेल ओळखायला शिका. तिच्या स्पर्शाने खाज आणि फोड येतात.

इतरांची सुरक्षितता: पुढे माणसे असताना फेकू नका. तबकडी कोणाच्या दिशेने गेलीच, तर जोरात 'फोर' असे ओरडून सावध करा. तिची कड कठीण असते आणि डोळ्याला गंभीर इजा होऊ शकते.

डॉक्टरांना कधी भेटावे?

डिस्क गोल्फ हा उपचारांना जोड देऊ शकतो, पर्याय ठरू शकत नाही. पुढील गोष्टी आढळल्यास उशीर करू नका:

- दोन आठवड्यांहून अधिक काळ बहुतेक वेळ उदास वाटणे किंवा कशातच रस न वाटणे
- झोप, भूक किंवा कामावर स्पष्ट परिणाम होणे
- अचानक छातीत धडधड, घाम, जीव घाबरा होणे असे प्रसंग वारंवार येणे
- ताण घालवण्यासाठी दारू किंवा इतर नशेचे प्रमाण वाढणे
- कोपर किंवा खांद्याचे दुखणे विश्रांती घेऊनही दोन आठवड्यांत न थांबणे

जगणे नकोसे वाटत असेल किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील, तर लगेच मदत घ्या. अमेरिकेत 988 आणि भारतात टेली मानस 14416 या क्रमांकावर फोन करता येतो. खेळताना छातीत दाब, धाप, हातात किंवा जबड्यात कळ जाणवल्यास खेळ थांबवा आणि तातडीच्या सेवेला फोन करा. अमेरिकेत हा क्रमांक 911 आणि भारतात 112 आहे.

नैराश्याची किंवा चिंतेची औषधे चालू असतील, तर 'आता खेळून बरे वाटते' म्हणून ती परस्पर बंद करू नका.

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आठवड्यातून किती वेळा खेळावे?
सुरुवातीला 9 टोपल्यांच्या दोन फेऱ्या, मध्ये किमान एक दिवस विश्रांती. कोपर आणि खांदा सरावल्यावर वाढवता येते.

एकट्याने खेळावे की सोबत?
दोन्ही चांगले. विचारांचा गोंगाट असेल तेव्हा एकट्याची शांत फेरी, एकटेपणा वाटत असेल तेव्हा सोबत. हृदयविकार असेल किंवा पडण्याचा धोका असेल, तर एकट्याने जाऊ नका.

मी ध्यान करतो. मग याची गरज काय?
ध्यानाला हा पर्याय नाही. पण अनेकांना डोळे मिटून बसले की अस्वस्थता वाढते. त्यांच्यासाठी शरीराच्या हालचालीतून सुरुवात करणे सोपे जाते.

भारतात कोर्स नसेल तर?
आपल्याकडे हा खेळ अजून फारसा रुजलेला नाही. मोकळ्या मैदानात एक फ्रिस्बी आणि लक्ष्य म्हणून एखादी बादली किंवा टोपली पुरते. लक्ष्ये लांब-लांब ठेवा, म्हणजे चालणे होईल. दुपारचे ऊन टाळा आणि सकाळी खेळा.

गुडघे दुखतात, तरी चालेल का?
सौम्य दुखणे असेल, तर सपाट कोर्सवर, धावत पुढे न येता, जागेवर उभे राहून फेका. सूज असेल किंवा गुडघा अडकत असेल, तर आधी तपासून घ्या.

थोडक्यात

या खेळात कोणतीही जादू नाही. त्यात चालणे आहे, झाडे आहेत, संथ श्वास आहे, एका बिंदूवर टेकलेली नजर आहे आणि पुन्हा पुन्हा चुकण्याची मुभा आहे. या पाचही गोष्टी मनाला मानवतात. या आठवड्यात जवळचा कोर्स शोधा, एक तबकडी घ्या आणि पहिल्या फेरीत एवढेच करा: प्रत्येक फेकीआधी एक पूर्ण श्वास, आणि फेकीनंतर पाय स्थिर होईपर्यंत जागचे हलायचे नाही.